सायकलला जीपीएस कुठला घेऊ? (बेळगाव–चोर्ला, पावसाळी घाट, बजेट १५ ते २० हजार)

टिळकवाडी_पेडल
नमस्कार मंडळी. रोज सकाळी राजहंसगड, रविवारी जांबोटी, असं आपलं चाललेलं असतं. येत्या हिवाळ्यात २०० किमीची पहिली बीआरएम (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल राइड) करायची म्हणतोय. आजवर हँडलला मोबाईलच लावत आलोय, पण कणकुंबीच्या पुढं पाऊस धरला की स्क्रीन आपोआप नाचायला लागते, आणि रेंज तर नसतेच. गार्मिन, ब्रायटन की आयजीपीस्पोर्ट? आणि रंगीत नकाशा लागतोच काय हो?

खानापूरचा_गडी
रेंजचं आधी सांगतो. उपग्रहाच्या सिग्नलला सिमकार्ड लागत नाही. रेंज गेल्यावर अडतं ते नकाशा आधी उतरवून ठेवलेला नसतो म्हणून. त्यामुळं कुठलंही यंत्र घ्या, चोर्ल्यात ते चालणार.

बटणांचंच घ्या मात्र. ओल्या हातानं, ओल्या काचेवर टच म्हणजे डोक्याला ताप. आपल्याकडं जूनपासून सप्टेंबरपर्यंत दुसरं काय असतंय?

बॅटरीचं गणित घालून बघा. २०० च्या बीआरएमला साडेतेरा तास मिळतात. गार्मिन एज १३० प्लसला कंपनीच १२ तास सांगते, म्हणजे शेवटच्या कंट्रोलच्या (हजेरी नोंदवायच्या जागेच्या) आधी पॉवरबँक काढायची वेळ. ब्रायटन रायडर ४२० ला ३५ तास सांगतात. निम्मे धरले तरी २०० निघतं. एज ५४० झकास आहे, पण नवा तुमच्या बजेटात बसायचा नाही.

शहापूरकर
माझं मत जरा वेगळं आहे. मोबाईलवर ऑफलाइन नकाशा घ्या, तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून जर्सीच्या मागच्या खिशात टाका आणि हँडलला साधं, स्वस्तातलं यंत्र लावा. वाट चुकल्यासारखं वाटलं तरच मोबाईल काढायचा. उरलेल्या पैशात चांगले टायर येतात, आणि आपल्या रस्त्यांवर तेच जास्त कामाला येतात.

खानापूरचा_गडी
@शहापूरकर टायरचं बरोबर की! पण बीआरएमला अंधारात खिसे चाचपत बसायला नको वाटतं.

नकाशाचं राहिलंच. रायडर ४२० सारख्यात जीपीएक्स फाइल (आधी आखलेल्या रूटची फाइल) टाकली की नुसती एक रेघ दिसते आणि तुमचा बाण त्या रेघेवरून सरकतो. शिनोळी, पाटणे फाटा, चंदगड, आंबोली या वाटेला तेवढं पुरतं, फाटे मोजकेच आहेत. निपाणीच्या किंवा कोल्हापूरच्या गल्लीबोळांत मात्र रेघ बघून वळताना घोळ होतो. आणि रेघ सुटली तर नकाशा नसलेलं यंत्र नवी वाट काढून देत नाही, परत रेघेवर यायचं काम तुमचं.

रूट घरीच नीट बघून घ्या. ॲप जवळची वाट म्हणून भीमगडच्या जंगलातून रेघ ओढून मोकळं होतं. तिथं वन विभागाचं फाटक असतं हे त्याला काय ठाऊक!

डोंगरवाट
उंचीचं कुणी बोललंच नाही. घाटात चढायचं असेल तर बॅरोमीटर असलेलंच यंत्र घ्या. नुसत्या उपग्रहावरची उंची दाट झाडीत वर-खाली उड्या मारते. बॅरोमीटर हवेच्या दाबावरून उंची काढतो, म्हणून चढाचा टक्का बराच खरा दिसतो.

त्याचीही एक खोड आहे. पाऊस भरून आला की हवेचा दाब उतरतो, आणि तुम्ही जागेवर उभे असलात तरी यंत्राला वाटतं की वर चढलात. शिवाय दाब मोजायचं जे बारीक भोक असतं त्यावर पाण्याचा थेंब बसला की चढ एकदम शून्य टक्के. फुंकर मारा, चालू होतं. टाचणी घालू नका. निघताना उंची जुळवून घ्यायला सोपी युक्ती म्हणजे रेल्वे स्टेशनची पिवळी पाटी. नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, खानापूरला असो की लोंढ्याला. तोच आकडा यंत्रात घालायचा.

आणि ऑटो-पॉज (थांबलं की नोंद आपोआप थांबवणारी सोय) बंद ठेवा. खड्या चढावर वेग पाच-सहावर आला की यंत्राला वाटतं गडी थांबला. बीआरएमचं घड्याळ तसंही तुमच्यासाठी थांबत नाही.

टिळकवाडी_पेडल
भारी माहिती, आभार. आता मधेच एक प्रश्न. ओळखीतला एकजण जुना एज ५३० देतोय, बजेटात बसतोय. बटणं आहेत, रंगीत नकाशा आहे. घेऊ काय?

डोंगरवाट
यंत्र चांगलं आहे, २०१९ चं मॉडेल. पुढं चढ किती उरलाय तेही दाखवतं, चोर्ल्याला त्याचा उपयोग होतो. नकाशा दुसऱ्या देशाचा निघाला तर ओपनस्ट्रीटमॅपचा भारताचा फुकट उतरवून टाकता येतो. चार्जिंग जुन्या मायक्रो-यूएसबीवर आहे, केबल वेगळी बाळगावी लागेल.

घ्यायच्या आधी चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण बघा. सैल असेल किंवा कडेला चीर असेल तर पाणी आत जाणारच, मग पाणी आत जात नाही असं सांगणारा आयपीएक्स७ चा शिक्का कशाला? पिना हिरवट दिसल्या तर सोडून द्या. पूर्ण चार्ज करून एक दिवस राइडला मागून घ्या, बॅटरीचं खरं काय ते कळेल.

खानापूरचा_गडी
आणि माउंटला (हँडलवरच्या पकडीला) चिकटणारे मागचे दोन कान झिजलेत काय तेही बघा. जांबोटीच्या खड्ड्यात उडालं तर झाडीत शोधत बसाल. बारीक दोरी बांधा हँडलला.