दौऱ्याआधीची १६८ ची नोटीस: सही करून गप्प बसायचं की कागद मागायचा?

तापीकाठ, चोपडा

कापसाचा भाव असो की केळीचा पीकविमा, मंत्र्यांचा दौरा लागला की आदल्या रात्री शेतकरी कार्यकर्त्याच्या दारात पोलीस उभे. हातात नोटीस: दौऱ्यात आंदोलन करू नका. आधी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १४९ ची म्हणून सगळ्यांना माहीत होती, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६८. पहाटे ‘साहेबांनी बोलावलंय’ म्हणून ठाण्यात नेऊन बसवायचं आणि ताफा गेला की संध्याकाळी सोडायचं. बहुतेक जण सही करतात, घरी येतात, विसरतात. माझं म्हणणं, विसरू नये.

नोटीस नाकारू नका. घ्या, पण सहीजवळ ‘मिळाली, मजकूर मान्य नाही’ असं लिहून तारीख-वेळ टाका आणि प्रत ठेवा. १६८ हे दखलपात्र गुन्हा रोखण्यासाठी आहे. शांतपणे निवेदन देणं हा गुन्हाच नाही. नोटीस मोडली तर काय, याची शिक्षाही त्या कलमात लिहिलेली नाही.

ठाण्यात नेलं तर एकच विचारा: मला अटक आहे का? असेल तर कलम १७०, म्हणजे जुनं १५१. मग २४ तासांची मर्यादा, अटकेची कारणं, नातेवाइकाला कळवणं, वकिलाची भेट, सगळं बंधनकारक. नसेल तर उठून घरी जायचा हक्क आहे. नुसतं ‘बसवून ठेवणं’ कायद्यात कुठेच नाही.

बंदोबस्त, धुळे

शेवटचं वाक्य अर्धवट आहे भाऊ. नव्या संहितेत १७२ आलंय. पोलिसाने दिलेला कायदेशीर निर्देश जो मानत नाही त्याला अडवून ठेवता येतं, आणि किरकोळ प्रकरणात २४ तासांच्या आत सोडता येतं. ठाण्यात ‘उठून जातो’ म्हणणाऱ्याला हेच कलम दाखवतील.

दुसरी बाजूही बघा. ताफ्यासमोर कोणी आडवं आलं, दगड पडला, तर जाब प्रभारी अधिकाऱ्यालाच द्यावा लागतो. त्याच्या हातातला सगळ्यात सौम्य उपाय म्हणजे ही नोटीस. आंदोलन करायचंच असेल तर चार दिवस आधी लेखी अर्ज द्या, जागा आणि माणसांचा आकडा सांगा, पोच घ्या. परवानगी नाकारली तर ती लेखी मागा. अर्जच न करता पहाटे हक्कांची भाषा करणं मला पटत नाही.

तापीकाठ, चोपडा

अर्ज द्यावा, हे मान्य. पण १७२ निर्देश झुगारणाऱ्यासाठी आहे. घरात झोपलेल्या माणसाने पहाटे पाचला कोणता निर्देश झुगारला? आणि अर्ज दिला की उत्तर येतं: महाराष्ट्र पोलीस कायदा कलम ३७(१)(३) ची मनाई लागू आहे. जमावबंदीचा तो आदेश राज्य शासनाच्या मंजुरीशिवाय १५ दिवसांपुढे जात नाही, म्हणून दर पंधरवड्याला नवा निघतो. मागचे सहा आदेश शेजारी ठेवून वाचा. सण बदलतात, कारणांचा परिच्छेद तोच असतो. हायकोर्टात दाखवण्यासारखा पुरावा हाच आहे.

आप्पा, साक्री

हायकोर्टाचं नाव घेणं सोपं आहे. खान्देशचं हायकोर्ट म्हणजे औरंगाबाद खंडपीठ. सकाळी माणूस उचलला, दुपारी वकील धरला, हेबियस कॉर्पसची (बेकायदा अडकवलेल्या माणसाला कोर्टापुढे हजर करा, अशी) याचिका तयार होईस्तोवर माणूस संध्याकाळी घरी. याचिकेत उरलं काय? त्यापेक्षा सही करावी, चहा प्यावा, दुसऱ्या दिवशी तहसीलवर मोर्चा न्यावा. आंदोलनाचा पैसा कोर्टात घालू नये.

कोर्ट आवार, पारोळा

आप्पा, हेबियसबद्दल तुमचं बरोबर. पण ‘सही करावी’ याच्याशी मी अजिबात सहमत नाही, कारण कोणता कागद ते तुम्ही सांगितलंच नाही. नोटिशीच्या पोचवर सही वेगळी आणि बंधपत्रावर सही वेगळी. खरा फास चॅप्टर केसचा आहे, म्हणजे पुढे शांत राहण्याचं बंधपत्र लिहून घेणाऱ्या प्रतिबंधक कारवाईचा.

खान्देशच्या तिन्ही जिल्ह्यांत पोलीस आयुक्तालय नाही, त्यामुळे चॅप्टर चालतो तहसीलदार किंवा प्रांतांसमोर. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ (जुनं १०७) मध्ये शांतता राखण्याचं बंधपत्र एका वर्षापर्यंत; १२९ (जुनं ११०) मध्ये चांगल्या वर्तणुकीचं, तीन वर्षांपर्यंत. आधी कलम १३० चा लेखी आदेश हवा: मिळालेल्या माहितीचा सारांश, बंधपत्राची रक्कम, मुदत, जामीनदार किती. तो वाचून, समजावून सांगायचा, मग चौकशी सुरू. अंतरिम बंधपत्र चौकशी सुरू झाल्यावरच मागता येतं; सर्वोच्च न्यायालयाच्या १९७० च्या मधु लिमये निकालापासून हे ठरलेलं आहे. प्रत्यक्षात काय होतं? छापील नमुना, रिकाम्या जागेत नाव, त्याच टेबलावर बंधपत्र. माणूस ‘सुटलो’ म्हणून सही करतो. चौकशी सहा महिन्यांत संपली नाही तर, विशेष कारण नोंदवलं नसेल तर, कार्यवाही आपोआप संपते. पण सही आधीच झालेली असते.

पुढे काय, ते नीट ऐका. दोन-तीन वर्षांनी महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ५६ खाली तडीपारीचा प्रस्ताव निघतो. त्यात गुन्ह्यांच्या तक्त्याखाली प्रतिबंधक कारवायांचा तक्ता असतो, आणि ज्या चॅप्टरला तोंडच दिलं नाही ते सगळे तिथे ओळीने हजर. म्हणून १३० चा आदेश नसेल तर बंधपत्र देऊ नका, लेखी उत्तर द्या, आदेश विरोधात गेला तर सत्र न्यायालयात अपील करा. तडीपारीची नोटीस आलीच तर त्याच पोलीस कायद्याच्या कलम ५९ खाली उत्तर द्या. आदेशावर अपील ३० दिवसांत. दीपक डोंगरे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं की तडीपारी हा असाधारण उपाय आहे, आणि पूर्ण दोन वर्षांसाठी घालवायचं तर त्याची कारणं आदेशात दिसली पाहिजेत.

सातपुडा, धडगाव

हे सगळं ज्याच्याजवळ वकील आहे त्याला. पाड्यावरचा माणूस पावरी बोलतो, नोटीस मराठीत, तीही सरकारी मराठीत. अटकेची कारणं लेखी आणि त्या माणसाला समजेल अशा भाषेत द्यायची, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सांगितलं. इथे ते कोण करणार?

कोर्ट आवार, पारोळा

दादा, प्रश्न खरा आहे आणि पूर्ण उत्तर माझ्याजवळ नाही. एवढं मात्र होतं. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७, कलम १२: अनुसूचित जमाती, अनुसूचित जाती, महिला आणि कोठडीतला माणूस यांना मोफत वकील, उत्पन्नाचा दाखला न बघता. पॅनलवरचे वकील म्हणतात, तहसीलदारापुढे आमचं काम नाही. चुकीचं आहे. त्या कायद्यातल्या ‘न्यायालय’ या व्याख्येत अर्धन्यायिक अधिकारीही येतो. अर्जात ‘चॅप्टर केस, कार्यकारी दंडाधिकाऱ्यांसमोर’ असं स्पष्ट लिहा आणि तालुका विधी सेवा समितीची पोच घ्या. हेल्पलाइन १५१००. दुभाषी हवा, हेही त्याच अर्जात.

आप्पा, साक्री

बंधपत्राचं मान्य, ते मी वेगळं धरलं नव्हतं. पण बेकायदा बसवलं हे सिद्ध कसं करणार? ठाण्याच्या डायरीत नोंदच नसते.

तापीकाठ, चोपडा

म्हणूनच सीसीटीव्ही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या परमवीर सिंग सैनी निकालाने प्रत्येक ठाण्यात कॅमेरे आणि चित्रण किमान एक वर्ष जपणं बंधनकारक केलंय. सुटल्यावर दोन-तीन दिवसांत पोलीस अधीक्षकांना अर्ज: अमुक तारीख, अमुक ते अमुक वेळ, चित्रण जपून ठेवा. सोबत माहिती अधिकारात स्टेशन डायरीच्या त्या दिवसाच्या पानांची प्रत. माणूस आत असतानाच अर्ज करायचा तर ‘व्यक्तीच्या स्वातंत्र्याशी संबंधित’ असं लिहा. मुदत ३० दिवसांऐवजी ४८ तासांची होते. राज्य मानवी हक्क आयोगाकडे तक्रार एका वर्षाच्या आत.

बंदोबस्त, धुळे

चित्रणाच्या अर्जाला माझा विरोध नाही. कायद्याने वागणाऱ्या अधिकाऱ्यालाही त्याचा उपयोगच होतो. पण दौऱ्याच्या चार दिवस आधीचा परवानगीचा अर्ज त्याला जोडा. तो नसेल तर आयोगापुढे पहिला प्रश्न त्याचाच येईल.