गोठ्यातलं आणि बागेतलं, दोन्ही पोळी गांधीलमाशीचीच का?

प्रश्न (खानापूर): गोठ्याच्या वाशाला तळहाताएवढं करडं पोळं लागलंय, घरं उघडी दिसतात. जांबोटीकडच्या काजूबागेत मात्र फुटबॉलएवढा बंद गोळा आहे. दोन्ही एकच का?

उत्तर: जात वेगळी, दादा. उघड्या पोळ्यातली सडपातळ, उडताना पाय लोंबणारी, ती साधी. बंद गोळ्यातली मोठी. बहुतेकदा काळी, पोटावर पिवळा पट्टा. मोठीची एक जात तर साधीच्या अळ्या पळवते. मधमाशीसारखी नांगी सोडत नाही, पुन्हापुन्हा डसते. वडलांना सात ठिकाणी डसली तेव्हा आम्ही चुना लावत बसलो, अजून सलतं. धाप लागली की थेट दवाखाना!

प्रश्नकर्ता: गोळ्याला धूर घालू?

दुसरं उत्तर: अजिबात नको. काजू वेचायला त्या झाडाखाली कुणाला पाठवू नका.