मदत हवी आहे: दहावीचा निकाल चांगला, पण मुलांचे गणित कच्चे, शाळेचे काम नेमके कशावरून जोखावे?

नमस्कार.

मी अक्कलकोट तालुक्यातील एका गावात शेती करतो. गावच्या अनुदानित माध्यमिक शाळेच्या व्यवस्थापन व विकास समितीवर यंदा पालक प्रतिनिधी म्हणून माझी निवड झाली असून माझी मुलगी त्याच शाळेत नववीत शिकते. शिक्षणक्षेत्रातील बारकावे मला ठाऊक नाहीत, म्हणून माध्यमिक शिक्षक, निवृत्त मुख्याध्यापक आणि अशा समित्यांवर काम केलेले पालक यांच्याकडून मार्गदर्शनाची अपेक्षा आहे.

आमच्या शाळेचा दहावीचा निकाल दरवर्षी नव्वद टक्क्यांच्या वर असतो. २०२५ मध्ये राज्याचा निकाल ९४.१० टक्के होता. त्या मानाने शाळा फार मागे आहे असे कोणी म्हणणार नाही. निकालाच्या दिवशी वेशीवर फलक लागतो, मुलांचा सत्कार होतो, आणि त्याचा मलाही आनंदच वाटतो. परंतु समितीच्या पहिल्याच बैठकीत मी विषयवार गुणांचा तक्ता पाहायला मागितला, तेव्हा निम्म्याहून अधिक मुलांचे गणिताचे गुण २५ ते ४० च्या दरम्यान असल्याचे दिसले. मंडळाच्या नियमानुसार गणित व विज्ञान या दोन विषयांत मिळून ७० गुण आणि प्रत्येकात किमान २५ गुण असतील, तर विद्यार्थी उत्तीर्ण धरला जातो. त्यातही गणिताचे २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे, म्हणजे शाळेनेच द्यायचे असतात. ज्या मुलाला तेथे १८ मिळाले, त्याने ८० गुणांच्या लेखी परीक्षेत केवळ ७ गुण मिळवले आणि विज्ञानात ४५ गाठले, तरी तो उत्तीर्ण होतो. एका विषयापायी कोणाचे शिक्षण थांबू नये, यासाठी ही सवलत हवीच, असे माझे ठाम मत आहे. मात्र उत्तीर्णांच्या टक्केवारीवरून शाळेत गणित किती शिकवले गेले हे कळत नाही, एवढे मला या तक्त्यावरून समजले.

दुसरी गोष्ट मला अधिक अस्वस्थ करते. नववीत कच्ची राहिलेली दोन-तीन मुले दरवर्षी शाळा सोडतात आणि त्यांच्या पालकांना ‘सतरा नंबरचा फॉर्म भरा’ असे सुचवले जाते. मग ते मूल खासगी विद्यार्थी म्हणून परीक्षेला बसते आणि शाळेच्या निकालात त्याची गणती होत नाही. शिक्षणहक्क कायद्याचे संरक्षण आठवीपर्यंतच असल्यामुळे नववीत काय घडते याकडे फारसे कोणी पाहत नाही. नववीत किती मुले दाखल झाली, त्यांपैकी किती नियमित विद्यार्थी म्हणून दहावीला बसली आणि किती अकरावीत टिकली, ही तीन वर्षांची माहिती मुख्याध्यापकांकडे लेखी मागावी, असा माझा विचार आहे. समितीचा सदस्य या नात्याने मला ती मागता येते का, की त्यासाठी समितीचा ठराव करून घ्यावा लागेल?

शिक्षकांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. गणिताचे शिक्षक निवृत्त झाल्यापासून ते पद रिक्त असून तासिका तत्त्वावर येणारे तरुण शिक्षक मनापासून शिकवतात, तरी त्यांना दोन शाळा सांभाळाव्या लागतात. त्यांच्या परवानगीने मी एके दिवशी वर्गात बसलो. सरळव्याजाचे एक शाब्दिक उदाहरण पाहून एक मुलगा नुसता गप्प बसून राहिला. तेच उदाहरण मी सोसायटीच्या कर्जाचा दाखला देऊन कन्नडमध्ये सांगितले, तेव्हा त्याने उत्तर तोंडी काढून दाखवले. आमच्या भागात पुष्कळ घरांत कन्नड बोलतात आणि शाळा मराठी माध्यमाची आहे. म्हणजे निदान काही मुलांची अडचण गणिताची नसून उदाहरण वाचून समजण्याची असावी. २०२३ च्या ‘असर’ पाहणीत देशातील १४ ते १८ वयोगटातल्या ग्रामीण मुलांपैकी सुमारे २५ टक्के मुलांना स्वतःच्या प्रादेशिक भाषेतील दुसरीचा उतारा सलग वाचता आला नव्हता. आमच्याकडे तर पुष्कळ मुलांच्या घरची भाषा आणि पुस्तकाची भाषा मुळातच वेगळी आहे.

यासाठी नववीच्या सर्व मुलांची वाचनाची व भागाकाराची साधी चाचणी घेऊन, कच्च्या मुलांचा वेगळा गट करावा असे मला वाटते. अडचण वेळेची आहे. निम्मी मुले वाड्या-वस्त्यांवरून एसटीने येतात आणि संध्याकाळची गाडी शाळा सुटताच निघते, त्यामुळे जादा तास शाळेनंतर ठेवता येत नाही. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर एक तास घेतला तर चालेल का, की रोजच्या वेळापत्रकातच इतर विषयांच्या तासिकांमधून जागा काढावी? गावातील कन्नड माध्यमाच्या प्राथमिक शाळेतील एक शिक्षिका मदत करण्यास तयार आहेत. प्राथमिक शाळा गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या आणि माध्यमिक शाळा जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांच्या अखत्यारीत येत असल्यामुळे, अशा वेळी परवानगी कोणाकडे मागावी हे मला उमगत नाही.

अक्कलकोट, दक्षिण सोलापूर किंवा मंगळवेढा भागातील शाळांत कोणी असा प्रयोग केला असेल, तर त्यांनी चाचणी कशी घेतली आणि ‘कच्चा गट’ म्हणून मुलांना कमीपणा वाटू नये यासाठी काय केले, हे कृपया सविस्तर लिहावे. समितीची पुढील बैठक पंधरा दिवसांनी आहे आणि त्यापूर्वी मला मुख्याध्यापकांशी एकदा शांतपणे बोलायचे आहे.