विंटेज मोटारीचे विजेचे भाग: परीक्षा रस्त्यावर घ्यायची की टेबलावर?

पॉइंटगॅप:
नव्या कंडेन्सरला (इग्निशनमधला छोटा कपॅसिटर) मल्टिमीटर लावायचा, ०.२ मायक्रोफॅरड दिसलं की बसवायचा आणि लांब निघायचं, याला माझा ठाम विरोध आहे. मीटर थंड भाग जेमतेम एक-दोन व्होल्टवर तपासतो. गाडीत पॉइंट (कॉईलचा करंट तोडणारा स्विच) उघडले की त्याच कंडेन्सरवर दोन-तीनशे व्होल्ट येतात, तेही तापलेल्या डिस्ट्रिब्युटरमध्ये (प्लगना ठिणगी वाटणारा भाग). आतला जोड कच्चा असेल तर तापून सुटतो, गाडी मिसिंग करत बंद पडते आणि गार झाली की निमूट सुरू होते. म्हणून घराच्या आसपासच ४५ मिनिटं सलग फिरवा, चढ असलेला रस्ता घ्या. मग इंजिन १५ मिनिटं बंद ठेवा. पाणी आणि वारा थांबला की बॉनेटखाली ताप उलट वाढतो. त्या अवस्थेत पुन्हा सुरू झाली, तर भाग पास.

मेगरवाला:
असहमत. गाडी बंद पडली की काहीतरी गेलं एवढंच कळतं. कंडेन्सर, कॉईल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी), रोटर (डिस्ट्रिब्युटरमध्ये फिरून ठिणगी पुढे देणारा) की उकळलेलं पेट्रोल? लक्षण तेच. त्यापेक्षा कंडेन्सर हॉट एअर गनने ८० अंशांपर्यंत तापवून २५० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन तपासणारा मीटर) गळती बघा (नंतर डिस्चार्ज करायला विसरू नका). रोटरला तर रस्त्याची गरजच नाही. कॉईलची जाड वायर, इन्सुलेटेड पकडीत धरून, रोटरच्या पितळी पट्टीपासून ३ मिमीवर ठेवा, इग्निशन चालू करून पॉइंट हाताने उघडा. पहिली बारीक ठिणगी चालेल. दरवेळी जाड ठिणगी पडत असेल तर रोटर आतून शाफ्टला करंट देतोय. टाकून द्या.

पॉइंटगॅप:
रोटरचं मान्य. पण कंडेन्सरचा जोड सुटला तर मेगर काय दाखवणार? उत्तम इन्सुलेशन! मेलेला भाग पास होईल.
आणि कोणता भाग गेला ते रस्त्यावरही कळतं, फक्त गार व्हायची वाट बघू नका. खात्रीचा कंडेन्सर चिमट्याच्या दोन वायरी लावून सोबत ठेवा. जुन्याची वायर सोडवा, हा कॉईलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या टर्मिनलवर आणि बॉडीवर लावा. सुरू झाली तर निकाल लागला. नाही झाली तर प्रायमरीच्या (कॉईलच्या दोन बारीक टर्मिनलवरच्या) वायरी सोडवून कॉईल गरम असतानाच मोजा. थंडपणी ३ ओहम असलेली कॉईल ६० अंश जास्त तापली की ३.७ दाखवते. तो तांब्याचा गुण आहे, दोष नाही. आकडा उड्या मारत असेल तरच कॉईल बदला.

कटआउट:
दोघांनाही एक सांगणं: एका वेळी एकच भाग बदला. पॉइंट, कंडेन्सर, रोटर, कॉईल एका दमात नवं घातलं की कोणतीच चाचणी कामाची नाही. चालू स्थितीत काढलेला जुना भाग डिकीत ठेवा. आणि थंडीत हजार किलोमीटर निघाले म्हणून उन्हाळ्याची खात्री धरू नका.
डायनॅमो (बॅटरी चार्ज करणारा जनित्र) मात्र जागेवरच तपासा. दोन्ही वायरी काढा, त्याची D (आउटपुट) आणि F (फील्ड) टर्मिनलं एकमेकांना जोडा, व्होल्टमीटर त्यांच्यात आणि बॉडीत लावा, इंजिन हळूहळू हजार आरपीएमपर्यंत न्या. १२ व्होल्टच्या डायनॅमोत काटा न अडखळता २० च्या आसपास चढायला हवा. लगेच खाली आणा, रेस करू नका.

मेगरवाला:
सुटलेल्या जोडाचा मुद्दा पटला. पण त्यालाही टेबलावर उपाय आहे. कंडेन्सर तापलेला असतानाच कपॅसिटन्स मोजा आणि मोजताना त्याची वायर हलवत राहा. आकडा शून्याकडे पडला की तोच तुमचा सुटलेला जोड, आणि त्यासाठी गाडी भर चढावर अडकवावी लागली नाही.