किराणा कमी, पण ताट भरलेले: विदर्भातील गावांचे अनुभव

मृग लागला की आपल्याकडच्या घरांत पैशाची सर्वांत जास्त ओढाताण होते. बियाणे, खत आणि मुलांची वह्या-पुस्तके यांचा खर्च एकाच वेळी येतो, कापूस-तुरीचे पैसे तोवर संपलेले असतात आणि काटकसरीची पहिली कुऱ्हाड डाळ, दूध व भाजीवर पडते. तेल, साखर आणि मुलांच्या पाच-पाच रुपयांच्या पुड्या मात्र तशाच चालू राहतात. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. आपल्या घरी किराण्याचा खर्च कमी करताना ताटातले सत्त्व कसे टिकवले जाते, हे वस्तू, हंगाम आणि प्रमाण यांसह, वर आपली ओळख देऊन प्रत्येकाने लिहावे, अशी विनंती आहे.

सुरुवात मी तेलापासून करते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये दिलेल्या आहारमानात 2000 कॅलरींच्या रोजच्या ताटासाठी 85 ग्रॅम डाळी-कडधान्ये व 400 ग्रॅम भाज्या सांगितल्या आहेत, तर तेल-तूप अवघे 27 ग्रॅम. म्हणजे चार मोठ्या माणसांना महिन्याला सव्वातीन किलो तेल पुरावे. आमच्याकडे पिप्यातून थेट कढईत तेल ओतले जात असे. आता महिन्याचे तेल बरणीत वेगळे काढले जाते आणि फोडणीला पळी वापरली जाते. वाचलेल्या पैशांची बरबटी (चवळी) आणि मूग येतात.

दारव्हा तालुका, जि. यवतमाळ, शेतकरी कुटुंबातील गृहिणी

आमच्या घरचा सर्वांत मोठा फरक डाळीने पडला. जानेवारीत तूर निघाली की पूर्वी सगळी पोती बाजार समितीत जात आणि पोळ्यापर्यंत आम्हीच दुकानातून किलो-किलो डाळ विकत आणत असू. आता वर्षाला लागेल तेवढी तूर घरी ठेवली जाते. चाळून, खडे निवडून झाल्यावर ती आधी खरडून घ्यावी लागते, मग तिला तेलाचा हात लावून रात्रभर झाकून ठेवायचे, सकाळी पाण्याचा हबका मारून गच्चीवर पसरायची आणि कडक उन्हात साल सुटू लागले की भरडायची. सासूबाई हे सारे जात्यावर करीत. आम्ही गावातल्या बचत गटाकडे नेतो, कारण त्यांच्याकडे अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेली मिनी डाळ मिल आहे. एका क्विंटल तुरीची 70 किलोच्या आसपास डाळ पडते, आणि चुरी-टरफल गाईम्हशींना जाते. डाळीला एरंडेल तेल चोळून, वर कडुनिंबाचा वाळलेला पाला टाकून कोठीत भरली की पावसाळ्यातही तिला कीड लागत नाही.

दुसरी गोष्ट वाळवणाची. डिसेंबर-जानेवारीत तुरीचे सोले (ओले दाणे) आणि पोपटाच्या (वालाच्या) शेंगा भरपूर असतात, त्या दिवसांत आम्ही बाजारातून भाजी जवळजवळ आणतच नाही. हरभऱ्याचे कोवळे शेंडे खुडून वाळवले की आषाढात भाज्यांचे भाव चढतात तेव्हा तीच भाजी बेसनासोबत शिजते. मुले कुरकुर करतात; लसणाची फोडणी जरा सढळ असली की खातात.

हिंगणघाट तालुका, जि. वर्धा, शेतमजूर

वरील ताईंचे पटते, परंतु ज्यांच्याकडे शेतच नाही त्यांना तूर कोठून ठेवता येणार? आमची मजुरी आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी मिळते आणि बाजार दिवसभर चालतो. भाजी आम्ही दिवे लागायच्या वेळी घेतो, कारण परगावचे विक्रेते उरलेला माल परत नेण्यापेक्षा ढीग लावून देतात. वांगी, टमाटर, सांभार (कोथिंबीर) त्या वेळी निम्म्या पैशांतही मिळतात. मात्र पालेभाजी दिवसभर उन्हात सुकलेली असते, ती सकाळीच घ्यावी.

धान्याची चिंता रेशनमुळे कमी आहे. प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो आणि अंत्योदय कार्डाला 35 किलो धान्य 2023 पासून मोफत मिळते. पण मोफत तांदूळ-गहू आहे म्हणून ताटात तेवढेच वाढत गेले, तर पोट भरते आणि अंगात बळ राहत नाही. म्हणून धान्याचे वाचलेले पैसे आम्ही अंडी आणि डाळीसाठी बाजूला ठेवतो. एका अंड्यातून सुमारे 6 ग्रॅम प्रथिने मिळतात. त्याच पैशांत मुलाला दुकानातली पुडी दिली तर मीठ आणि तेलच पोटात जाते.

पावसाळ्यात धुऱ्यावरची (शेताच्या बांधावरची) कोवळा तरोटा, घोळ, चिवळ आणि अंबाडी ही पालेभाजी फुकट मिळते. तथापि, आता अनेक शेतांत तणनाशक फवारले जाते. त्यामुळे शेतमालकाला विचारल्याशिवाय माझी पत्नी एक पानही खुडत नाही, आणि ओळखीच्या धुऱ्याबाहेर जात नाही.

चिखलदरा तालुका, जि. अमरावती, अंगणवाडी सेविका

रेशनविषयी एक भर. तो तांदूळ पोषणयुक्त असेल तर त्यात काही दाणे थोडे पिवळसर व वेगळे दिसतात आणि धुताना वर तरंगतात. अनेक घरी ते "प्लास्टिकचे" म्हणून वेचून फेकले जातात. ते पोषणयुक्त दाणे असून त्यांत लोह, फॉलिक आम्ल आणि ब-12 जीवनसत्त्व मिसळलेले असते. अशा तांदळात साधारण 100 दाण्यांमागे असा एक दाणा असतो, तेव्हा तो फेकला की मिळालेला लाभच गेला. तांदूळ चोळून अनेकदा धुऊ नयेत. वरणावर लिंबू पिळावे आणि चहा जेवणाला लागून घेऊ नये. त्याने लोह अंगी लागण्यास मदत होते.

लाखनी तालुका, जि. भंडारा, भात उत्पादक शेतकरी

आमच्याकडे धान कापणीला येण्यापूर्वीच ओलाव्यावर लाखोळीचे (लाख डाळीचे) बी फेकले जाते. नांगरणी नाही, पाणी नाही, त्यामुळे ही डाळ सर्वांत स्वस्त पडते. तिच्याविषयी भीती आहे, आणि ती निराधार नाही: महिनोन्‌महिने मुख्य अन्न म्हणून लाखोळीच खाल्ली तर पाय लुळे पडण्याचा आजार होतो. आमच्या घरी ती गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकून देतात आणि आठवड्यातून एखाद्या वेळीच शिजवतात, बाकी दिवस उडीद, मूग आणि तलावातले झिंगे. मुख्य अन्न भातच.

बाळापूर तालुका, जि. अकोला, निवृत्त शिक्षक

सर्वांनी ज्वारी खा म्हणून सांगावे आणि ती बाजारात अनेकदा गव्हापेक्षा महाग असावी, हा ज्वारीच्या जागी आलेल्या सोयाबीनने आणलेला उफराटा न्याय आहे. रानडुकरे आणि पाखरे यांच्यामुळे एकट्याने ज्वारी पेरणे परवडत नाही, हेही खरे. आमच्या शिवारात काही जणांनी लागून-लागून थोडी थोडी ज्वारी घेतली, राखण वाटून घेतली, आणि कपाशीच्या ओळींमध्ये मूग-बरबटीही टाकली. भाकरीसोबत जवसाची चटणी असली की वेगळे लोणचे-पापड लागत नाहीत.

किराणा दुकानदार, जि. बुलडाणा

मी विकणारा असलो तरी सांगतो. तेलाच्या पुडीवर लिटर नव्हे, ग्रॅम वाचा: एक लिटर सोयाबीन तेल सुमारे 910 ग्रॅम भरते आणि सारख्याच दिसणाऱ्या अनेक पुड्या त्याहून कमी वजनाच्या असतात. तिखट अख्ख्या मिरचीचे कुटून घ्यावे. आणि यादी लिहून आणावी. उधारीच्या वहीत सर्वांत जास्त भर यादीत नसलेल्या वस्तूंची पडते.

मूर्तिजापूर तालुका, जि. अकोला, गृहिणी

सोयाबीन घरात पिकते आणि घरात कोणी खात नाही, हे मला पटत नव्हते. कच्चे सोयाबीन दळू नये, ते पचत नाही. उकळत्या पाण्यात वीसेक मिनिटे शिजवून, चोळून साल काढून, कडक वाळवावे आणि 9 किलो गव्हाला 1 किलो या प्रमाणात दळणात घालावे. त्याहून जास्त घातले तर पोळीला वास येतो आणि ती चिवट होते. दळण थोडे थोडे न्यावे, कारण सोयाबीनमधल्या तेलामुळे हे पीठ उन्हाळ्यात लवकर खवट होते.