पहिलं बाळंतपण माहेरीच का? बापाला तीन महिने पाहुणा ठेवून कोणाचं भलं होतं?

नवखा_बाबा
बायकोला सातवा संपत आलाय. डोहाळजेवण झालं की ती सांगलीला जाणार आणि बाळ तीन महिन्यांचं झालं की पुण्याला परतणार, असं दोन्ही घरांनी परस्पर ठरवूनही टाकलं. माझ्या वाट्याला काय, तर शनिवारी रात्रीची बस, रविवारी बाळ दोनदा मांडीवर, जावईबापू म्हणून श्रीखंड-पुरी, की परत.
मला हे मान्य नाही. बाळंतिणीचं मन सांभाळायचं तर तिला आधी सलग झोप मिळायला हवी, आणि रात्री बाळ खांद्यावर घेऊन फिरायला बापाइतका हक्काचा माणूस दुसरा कोण? लंगोट बदलणं, ढेकर काढणं पहिल्या दिवसांतच अंगवळणी पडतं. तीन महिन्यांनी ती येते तेव्हा आई सांगलीत राहिलेली आणि नवरा कोरा. त्यापेक्षा सासूबाईंनीच पुण्याला यावं. पटत नसेल तर बोला.

लेकुरवाळी
अजिबात पटत नाही. माहेरी मी दिवसभर गाऊनवर, केस न विंचरता, दूध गळतंय तशी बसून असायचे. आईवर खेकसले, तिच्याच मांडीवर रडले, तिनं मनाला लावून घेतलं नाही. हे जावयाच्या दोन खोल्यांत जमतं होय? तिथे सासूबाईच पदर सावरत वावरतील. शिवाय सासऱ्यांचं पथ्य कोण बघणार, वर्षानुवर्षांची मालिशवाली पुण्यात कुठून आणणार? आणि रात्री उठायला सांगलीत तुम्हाला कोणी अडवलंय? रजा टाका आणि जा.

नवखा_बाबा
खासगी कंपनी आहे. पाच दिवस मिळतात, तेही उपकार केल्यासारखे.

कलम_कट्टा
मातृत्व लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीनं आईची पगारी रजा पहिल्या दोन मुलांसाठी 12 वरून 26 आठवडे झाली. बापाला केंद्र सरकारी नोकरीत 15 दिवस, आणि खासगीत कायद्यानं काहीच नाही. म्हणजे पाहुणा तुम्हाला कायद्यानंच ठरवलंय, सासरच्यांवर का राग काढता? शेतात मजुरीला जाणारीला तर 26 आठवडेही नाहीत, पण तो वेगळा धागा होईल.

नाशिकची_आजी
आमच्या वेळी हे बाळंतपणानंतरचं डिप्रेशन वगैरे नव्हतं. शेक-शेगडी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू आणि सव्वा महिना खोलीत. बाळ कोणाच्या मांडीवर आहे तेही कळायचं नाही, इतकी माणसं घरात. हल्लीच्या मुली मोबाइल बघत जागतात आणि झोप नाही म्हणतात.

सूतिका_सिस्टर
आजी, असायचं. ‘बाहेरचं लागलं’ म्हणून दृष्ट काढायचे, एवढंच. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येणं बहुतेकींना होतं आणि दोनेक आठवड्यांत ओसरतं. पण त्यापुढेही बाळ झोपलं तरी झोप येत नाही, बाळाला घ्यावंसं वाटत नाही, ‘मी नसते तर बरं’ असं मनात येतं, तर डॉक्टरला दाखवायलाच हवं. सोबत थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही तपासा. अंगावर पाजताना चालतील अशी औषधं आहेत, ‘गोळ्या घेतल्या तर दूध तोडावं लागेल’ या भीतीनं कित्येक जणी येतच नाहीत. नसलेले आवाज ऐकू येऊ लागले किंवा ती भलतंच बोलू लागली तर त्याच दिवशी दवाखाना, उद्यावर ढकलायचं नाही.
हे ओळखण्यासाठी 1987 पासून एडिनबराची दहा प्रश्नांची यादी आहे. पण आपल्याकडे टाके आणि बाळाचं वजन विचारतात, हे बहुधा कोणी विचारत नाही. आशाताई 42 व्या दिवसापर्यंत घरी येतात, त्यांच्याशीही बोलता येतं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 रात्रंदिवस चालू असतो, मराठीतही बोलतात.
माझं मत बाबाच्या बाजूनं. माहेरी हे लपतं. ‘जावयाला कशाला सांगायचं, काय म्हणतील’ म्हणत आई पांघरूण घालते आणि नवऱ्याला कळतं ते फार उशिरा.

बिनमाहेरची
माझी आई लग्नाआधीच गेली. माहेर म्हणजे भाऊ-वहिनी, आणि वहिनीला नोकरी. सासूनं केलं माझं सगळं, धुरी-शेगडीसकट. सरसकट लिहू नका एवढंच.

जर्सीकर
आमच्याकडे न्यू जर्सीत मला 12 आठवडे रजा मिळाली, पगाराचा काही भाग राज्याच्या विम्यातून. रात्रीची पाळी लावली होती, दोनपर्यंत मी आणि पुढे ती. तिची झोप झाली, हे खरं. पण दुसऱ्या महिन्यात पार्किंगमध्ये गाडीत बसून रडायचो तो मी. बापालाही नैराश्य येतं आणि त्याला तर कोणी विचारतही नाही. तेव्हा दोघंच असणं म्हणजे स्वर्ग समजू नका, आजी घरात हवीच.

लेकुरवाळी
बाबा, एवढं लिहिलंत, पण तिला कुठे जायचंय?

नवखा_बाबा
ती म्हणते, आईकडे.

लेकुरवाळी
मग वाद कसला घालताय!

नवखा_बाबा
वाद आहेच. तिनं जावं, पण मीही जाणार. पहिला महिना सांगलीतून काम करतो म्हणून उद्या साहेबांना विचारतो.

नाशिकची_आजी
आधी सासूला विचार. महिनाभर जावई घरात, म्हणजे तिला एका वेळी दोन बाळंतपणं.