नाक्यावर नाव सांगितल्यावर काय झालं? तुमचे अनुभव लिहा

परवा रात्री अंबडहून जालन्याला येताना नाकाबंदीत मला आणि मित्राला थांबवलं. दोघांच्या दोन गाड्या. माझी पीयूसी संपलेली, त्याचे सगळे कागद चोख. मला "जा सर" म्हणाले. त्याच्या डोक्यावर टोपी, लायसनवर मुसलमानी नाव. त्याला डिकी उघडायला लावली, खिसे तपासले. मी बाजूला उभा राहून बघत राहिलो, तोंडातून शब्द फुटला नाही. तुमच्यासोबत किंवा तुमच्यादेखत असं घडलं असेल तर लिहा. ठाण्याचं नाव नको, काय विचारलं ते नेमकं सांगा.

बीड जिल्हा : आम्ही पारधी. आरसी बघितली, लायसन बघितलं. मग "गावात कुठं राहतो?" म्हणलं, वस्तीवर. तिथनं हवालदाराचा आवाजच बदलला. "गाडी कुणाची उचलली रं?" आरसी माझ्याच नावाची, त्याच्याच हातात! बायकोच्या मांडीवर तापानं फणफणलेलं लेकरू. तिची पिशवी रस्त्यावर उपडी केली : दुपटी, दवाखान्याची फाईल, भाकरी. भाकरीचं फडकंसुद्धा सोडून बघितलं. पाऊण तास गेला. जन्मानंच गुन्हेगार ठरवायचा इंग्रजांचा १८७१ चा कायदा १९५२ ला रद्द झाला. ३१ ऑगस्टला आम्ही विमुक्त दिन पाळतो. नाक्यावर ते कुणाला सांगायचं?

परभणी : मी रिक्षा चालवतो. लायसनवरचं नाव मोठ्यानं वाचतात आणि दुसऱ्याला हाक मारतात, "इकडं ये रे." दरवेळी.

लातूर : माझा भाऊ अमेरिकेत आहे. तिकडे काळ्या ड्रायव्हरांना असंच अडवतात, ही जुनी तक्रार. म्हणून कॅलिफोर्नियात २०१५ च्या कायद्यानं पोलिसांवर नोंद ठेवायचं बंधन आलं : कुणाला थांबवलं, कुठल्या वंशाचा वाटला, झडती घेतली का. आपल्याकडे चलान फाडलं तर पावती मिळते. उचकापाचक करून सोडून दिलं, तर हातात कपटासुद्धा नसतो. मग तक्रार कशाच्या जोरावर करायची?

नांदेड : मी निवृत्त हवालदार. चोरी झाली की "आधी वस्ती बघा" हे आम्हाला वरिष्ठ तोंडी शिकवायचे. भाकरीची फडकी मीही सोडली आहेत. बीडच्या भावा, त्याची मला लाज वाटते. कागद ठेवून घेतले तर मोटार वाहन कायद्याच्या कलम २०६ प्रमाणे पोच मागा; डिजिलॉकरमधलं लायसन चालतं. झाल्या प्रकाराचा लेखी अर्ज पोलीस अधीक्षकांना द्या. तारीख, वेळ, नाक्याचं ठिकाण टाका आणि पोचेचा शिक्का घेतल्याशिवाय उठू नका. अर्ज लिहायला मी बसतो तुमच्याबरोबर. रविवारी बीडला येऊ का?